पणजोबांचा तांदूळ आणि 31 क्रमांकाचं स्क्वाड्रन

तुमचे प्रश्न दोन आहेत. मराठा पलटणीतले तुमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इंफाळकडे होते आणि आभाळातून तांदूळ-पीठ पडायचं असं सांगायचे, तर ते टाकणारं विमान कुणाचं? आणि एका ब्रिटिश स्क्वाड्रनच्या बिल्ल्यावर 'भारताच्या आकाशात पहिले' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य आहे, म्हणजे आपल्या वायुसेनेचं मूळ तेच का?

दुसरा आधी उरकतो. नाही. आपली वायुसेना 8 ऑक्टोबर 1932 ची आणि तिचं पहिलं स्क्वाड्रन 1 एप्रिल 1933 ला कराचीत ड्रिग रोडला चार वापिटी विमानांवर उभं राहिलं. तुम्ही पाहिलेला बिल्ला ब्रिटिशांच्या 31 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा. आपल्याकडेही 31 नंबर आहे, पण तो 1963 चा. नंबर सारखा, नातं काही नाही. पणजोबांच्या तांदळाशी मात्र त्या बिल्ल्याचा संबंध असू शकतो, म्हणून जरा लांबण लावतो.

हे स्क्वाड्रन ऑक्टोबर 1915 मध्ये इंग्लंडात फार्नबरोला स्थापन झालं आणि त्याची पहिली तुकडी नाताळच्या दुसऱ्या दिवशी मुंबई बंदरात उतरली. उतरली ती बोटीतून. 'आकाशात पहिले' असं मिरवणाऱ्यांचा भारतातला पहिला प्रवास बोटीचा आणि पुढचा रेल्वेचा! विमानं होती बी.ई. 2 सी. लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड आणि 90 अश्वशक्तीचं हवेवर थंड होणारं इंजिन. ती वायव्य सरहद्दीवर नौशेराजवळ आणि मग रिसालपूरला नेऊन ठेवली. सरहद्दीच्या उन्हाळ्यात ते इंजिन तापून दम टाकायचं, विमान डोंगराच्या वर चढतच नसे. मग वैमानिक दरीतून उडायचे आणि कड्यावर बसलेले पठाण वरून खाली विमानावर नेम धरायचे. युरोपच्या आघाडीवरून आलेल्यांना ही उलटी तऱ्हा पचायला वेळ लागला असणार. पहिलं महायुद्ध या स्क्वाड्रनने असं मोहमंद आणि महसूद टोळ्यांवर उडत काढलं, जर्मन विमान समोर न येता. पुढे सरहद्दीवरचे वैमानिक खिशात एक चिठ्ठी बाळगू लागले: या माणसाला धडधाकट परत आणणाऱ्याला सरकार इतके पैसे देईल. त्या चिठ्ठीचं इंग्रज वैमानिकांनी ठेवलेलं नाव आपल्या 'गोळी' शब्दावरूनच आलंय. कुठली गोळी हे चारचौघांत लिहीत नाही, धडधाकट म्हणजे कशासकट ते समजून घ्या.

बिल्ल्यावर जे येत नाही ते 1919 सालचं. 13 एप्रिलला जालियनवाला बाग झाली. दुसऱ्या दिवशी गुजराणवाल्यात जमाव खवळला, स्टेशन जाळलं गेलं, आणि लाहोरहून विमानं पाठवली गेली. ती याच स्क्वाड्रनची. कॅप्टन कारबेरी नावाच्या वैमानिकाने शहरावर आणि आजूबाजूच्या गावांवर बॉम्ब टाकले, मशीनगन चालवली. खालसा शाळेचं वसतिगृहही त्यातून सुटलं नाही. पुढे पंजाबातल्या या प्रकारांची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर समितीपुढे त्याची साक्ष झाली. आपल्याच राज्यातल्या, आपल्याच प्रजेच्या शहरावर विमानातून बॉम्ब टाकलेत हे त्याने तिथे सरळ सांगितलं. जालियनवाला शाळेच्या पुस्तकात आहे, गुजराणवाला नाही. 'पहिले' म्हणजे कशात पहिले, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हे सांगतो आणि मग बाकीचं.

महिन्याभरात अफगाण युद्ध सुरू झालं. तीच जुनी विमानं जलालाबादवर बॉम्ब टाकायला गेली आणि रिसालपूरहून एका चार इंजिनांच्या हँडले पेज विमानाने काबूलवर जाऊन बॉम्ब टाकले. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं म्हणजे आधी ब्रिस्टल फायटर, मग वापिटी, आणि काम तेच सरहद्दीचं. त्यातली एक रात्र तेवढी वेगळी. 31 मे 1935 च्या पहाटे क्वेट्ट्याचा भूकंप झाला तेव्हा हे स्क्वाड्रन तिथेच होतं. बराकी झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तळावरच्या 27 विमानांपैकी 3 च चालू स्थितीत राहिली असं तेव्हा सांगितलं गेलं.

1939 मध्ये या स्क्वाड्रनचा धंदाच बदलला. बॉम्ब गेले, ओझी आली. लाहोरला व्हॅलेन्शिया ही अवाढव्य दुपंखी मालवाहू विमानं मिळाली. एप्रिल 1941 मध्ये इराकात गडबड झाली तेव्हा कराचीहून शैबाला एक गोरी पलटण विमानांनी हलवली, ती यांनीच. मग अमेरिकी प्रवासी कंपन्यांची वापरलेली डीसी-2 आली, त्यामागून डकोटा हे दोन इंजिनांचं मालवाहू विमान. आणि ब्रह्मदेश पडला.

1942 च्या त्या पळापळीत ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी मिळून 8,616 माणसं ब्रह्मदेशातून बाहेर काढली. त्यात मोठा वाटा या स्क्वाड्रनचा. बसायला वीस-पंचवीस जागा असलेल्या विमानात त्याच्या दुप्पट-तिप्पट माणसं कोंबायची आणि ब्रह्मदेशातल्या मिचिनाहून आसामातल्या दिंजानकडे उडायचं. 6 मे ला मिचिनाच्या धावपट्टीवर माणसं भरलेली दोन विमानं जपानी विमानांनी जागेवरच फोडली. आत बायका-मुलं होती.

पुढच्या वर्षी चिंडिटांची, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला जंगलात घुसून लढणाऱ्या ब्रिटिश फौजेची, पहिली मोहीम झाली. एप्रिल 1943 च्या अखेरीस परत फिरलेली एक तुकडी जंगलात अडकली होती, बरीच माणसं चालण्याच्या पलीकडे गेलेली. वरून रसद टाकायला आलेल्या विमानाला खाली एका मोकळ्या माळावर पॅराशूटच्या पांढऱ्या कापडाची मोठाली अक्षरं दिसली: विमान इथेच उतरवा. 28 एप्रिलला मायकल व्लास्टो या वैमानिकाने तिथे डकोटा उतरवलं. जागा आठशे यार्डांच्या आसपास, टोकाला झाडं. दहा-बारा मिनिटं जमिनीवर, तेवढ्यात 17 आजारी-जखमी आत घेतले आणि उडाला. झाडांच्या शेंड्यांवरून कसाबसा निघाला.

आता तुमचा तांदूळ. 1944 मध्ये इंफाळ-कोहिमाला वेढा पडला तेव्हा रसद टाकणारी डकोटा स्क्वाड्रनं एकटी-दुकटी नव्हती. ब्रिटिशांची 31, 62, 117, 194 आणि शिवाय अमेरिकी. त्यामुळे पणजोबांच्या अंगावर पडलेलं पोतं नेमकं कुणाचं, हे छातीठोक सांगता येणार नाही. पण ते कसं पडलं ते सांगता येतं. डकोटाचं मागचं दार काढूनच ठेवलेलं असे. आतली माणसं पाठीवर आडवी होऊन पायांनी पोती बाहेर ढकलत. टाकायची जागा इतकी लहान की एका फेरीत दोन-चारच बोजे जायचे, मग वळून परत यायचं. असे आठ-दहा फेरे, सगळे संथ आणि खालून, बंदुकीच्या टप्प्यात. तांदूळ, पीठ, डाळ पॅराशूटशिवायच टाकत. आतलं पोतं आपटून फुटणारच, म्हणून ते बाहेरच्या मोठ्या, सैल पोत्यात घालायचे. आतलं फुटलं तरी धान्य बाहेरच्यात राहायचं. अशा पोत्याखाली सापडून खालची माणसं मेल्याचीही उदाहरणं आहेत. दारूगोळा आणि औषधांना मात्र पॅराशूट लागे. रेशमी पॅराशूट पुरेनात तेव्हा तिथल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती स्लिम याच्या रसद खात्याने बंगालच्या तागाची करून घेतली. रेशमीला वीस पौंड पडायचे, तागाचं एका पौंडाहून जेमतेम जास्त. कोहिमात तर पाणीसुद्धा टायरच्या ट्यूबमध्ये भरून टाकलं.

पणजोबा चौथ्या बटालियनमध्ये असतील तर त्यांची आठवण बहुधा इतकी गोड नसेल. चौथी मराठा मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर होती. खाली कातळ, म्हणून खंदक उथळ. पाणी नाही, काटेरी तार नाही. गावाभोवतीची जागा एवढीशी, की विमानातून टाकलेला बराचसा माल सरळ जपान्यांच्या हातात जायचा. आपल्याच नावाची रसद समोरच्याला मिळताना बघत यांनी सहा दिवस काढले आणि 26 च्या रात्री जंगलातून माघार घेतली.

म्हणून आधी बटालियन शोधा. पगाराचं पुस्तक, पेन्शनचा कागद, पदकाची कड, कशावर तरी नंबर असतो. पहिली किंवा तिसरी निघाली तर ब्रह्मदेश विसरा, त्या इटलीत होत्या. यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, नामदेव जाधव पहिल्या, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच.

चौथी असेल तर आणखी एक. युद्ध संपल्यावर ती बटालियन डचांच्या वसाहतीतल्या जावा बेटावर सुराबायाला गेली, आणि 31 चे डकोटाही त्याच बेटावर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला होते. तिथे कुणाचा देश कुणासाठी राखायचा चालला होता ते शिपायांना कळत नव्हतं असं नाही. नोव्हेंबर 1945 मध्ये या स्क्वाड्रनचं एक डकोटा बेकासीजवळ उतरवावं लागलं. आतले वैमानिक आणि वीसेक हिंदी शिपाई जिवंत होते, त्यांना तिथल्या लोकांनी मारलं, आणि त्याचा सूड म्हणून ब्रिटिशांनी बेकासी गाव जाळलं. पुढे 1946 ला स्क्वाड्रन मोडलं, पुन्हा कराचीत उभं केलं, आणि फाळणीनंतर डिसेंबर 1947 ला इथलं आवरलं. आजही ते इंग्लंडात आहे, आता बिनमाणसाची विमानं चालवतं.

घरातल्या मोठ्यांना एवढं विचारून बघा: पणजोबांच्या तोंडी कधी 'जावा' आलं होतं का? आलं असेल तर इथे कळवा, पुढचं शोधणं बरंच सोपं होईल.