भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. सहा वर्षांचा आहे, ताई खेड्यात राहते. पुण्या-मुंबईला हलल्याशिवाय मदत कुठे मिळेल?

योजनांच्या याद्या तुम्हाला नेटवर ढिगाने मिळतील, आणि वाचून डोकं फिरेल. पोरगं एक आणि खाती चार: आरोग्य, शिक्षण, महसूल, ग्रामविकास. या टेबलावरच्या माणसाला त्या टेबलावरची योजना ठाऊक नसते. माझ्या मुलीलाही सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे, आता ती कॉलेजच्या वयाची आहे, आणि आम्हीही तालुक्याच्याच गावी राहतो. ताईला एवढंच सांगा की योजना नंतर, आधी मुलाचा व्यायाम घेणारी माणसं गाठ.

ती बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयात भेटतात. तिथे 'डीईआयसी' म्हणून केंद्र असतं, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (आरबीएसके) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिथली सेवा मोफत असते: फिजिओथेरपी, वाचा उपचार, कान-डोळ्यांची तपासणी. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं आरबीएसकेचं पथक तिथली चिठ्ठी देतं. ते कधी येणार हे आशाताईंना माहीत असतं. रोज जिल्ह्याला जाणं कुणालाच जमत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत "घरी काय करून घ्यायचं ते मला शिकवा, मोबाईलवर शूट करू द्या" असं स्पष्ट म्हणायचं.

आणि तिथे नंबर यायची वाट बघत बसलेल्या बायकांशी बोलायचं. खरी डिरेक्टरी ती. कोणता डॉक्टर मुलाशी नीट बोलतो, स्प्लिंट (हातपाय सरळ ठेवायचा आधार) कोण चांगलं बनवतं, तहसीलमधला कोणता कारकून उगाच फेऱ्या मारायला लावतो, हे कुठल्याच पोर्टलवर नसतं. आमच्या तालुक्यातल्या पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप अशाच बाकावर सुरू झाला.

शाळेचं दार दुसरं. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मूल शाळेत जाऊच शकत नसेल तर घरी येऊन शिकवण्याची सोय समग्र शिक्षा योजनेत आहे. जात असेल तर प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे. "आमच्याकडे असली मुलं घेत नाही" असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. लेखी मागितलं की सूर बदलतो.

आता कागद. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, नंतर रुग्णालयात तपासणी. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: दिव्यांग प्रमाणपत्रावर 'सेरेब्रल पाल्सी' लिहिलंय की नुसतं अस्थिव्यंग? निरामय विमा फक्त चार प्रकारांना मिळतो: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व. नुसतं अस्थिव्यंग लिहिलं असेल तर तिथे अडतं. हा राष्ट्रीय न्यासाचा विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. त्यामुळे खाजगी फिजिओकडे गेलात तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. लहान मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पैशाची दारं: तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजना (दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ५० हजार, त्यामुळे बरेच जण इथेच गळतात). ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, हे गावातल्या निम्म्या सदस्यांना माहीत नसतं, आणि ज्यांना असतं ते बोलत नाहीत. मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. अंदाजपत्रकाच्या आधीच्या ग्रामसभेत अर्ज द्या आणि पोच घ्या. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे.

सीपी चेअर (आधार देणारी खास खुर्ची), कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) वगैरे साधनं केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरात मिळतात. आधी मोजमाप, मग काही महिन्यांनी वाटप. तोवर पोर वाढलेलं असतं! आमच्या मुलीचं पहिलं कॅलिपर हातात आलं तेव्हा आखूड झालं होतं. म्हणून खुर्ची आणि वॉकर शिबिरातून घ्या, पण पायाचं स्प्लिंट शक्य असेल तर जवळच्या कारागिराकडून मापाचं करून घ्या. त्यात पैसे वाचवू नयेत असं माझं मत.

मुंबईतल्या 'उम्मीद'सारख्या, अशा मुलांच्या विकासासाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थांकडे वर्षातून एकदा सखोल तपासणीसाठी जाता आलं तर उत्तम. अहवालाची एक प्रत डीईआयसीच्या फिजिओला द्या.

अठरा वर्षांनंतर गरज पडली तर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, पण त्याला अवकाश आहे. सध्या तुम्ही मामा म्हणून एक काम अंगावर घ्या: अर्ज, झेरॉक्स, पोर्टलचे पासवर्ड. आईचा निम्मा दिवस व्यायामात जातो, उरलेला रांगेत जाऊ नये. जिल्हा कोणता ते लिहिलंत तर आमच्या ग्रुपमध्ये तिकडचं कुणी आहे का विचारून बघते.