डीसीकेच्या साखळीतल्या हरवलेल्या कड्या

तुझा प्रश्न असा: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मानवी डीऑक्सिसायटिडिन कायनेज, म्हणजे डीसीके या एन्झाइमची रचना प्रोटीन डेटा बँकेतून (प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून) उतरवलीस, तर सुरुवातीची वीसेक अमिनो आम्लं नाहीत आणि ६० ते ७५ च्या पट्ट्यातलीही काही गायब. फाइल खराब आहे, की सॉफ्टवेअरने भरून डॉकिंग करू (म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल ते संगणकावर बघू)?

फाइल ठणठणीत आहे. संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर कॅमेरा ठेव आणि शटर अर्धा मिनिट उघडं राहू दे. खांब, बाकडी, इंडिकेटर स्वच्छ येतील. माणसं धुरकट, काही तर येणारच नाहीत. म्हणून स्टेशन रिकामं होतं असं कोणी म्हणत नाही. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेल्या फोटोतही असंख्य रेणूंची सरासरी येते. जो भाग प्रत्येक रेणूत वेगळ्या जागी हलतो, त्याची इलेक्ट्रॉन घनता पुसून जाते, आणि प्रामाणिक माणूस तिथे अणू बसवत नाही.

तुझ्या बाबतीत नेमका तो ६० ते ७५ चा पट्टा, म्हणजे प्रथिनाचा हलता फास किंवा लूप, मजेचा आहे. ७४ क्रमांकाचं अमिनो आम्ल, सेरीन, तिथलंच. डीएनएला इजा झाली की एटीएम कायनेज नावाचं दुसरं एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेट लावतं आणि डीसीकेचं काम वाढतं. त्या सेरीनच्या जागी ग्लुटामेट (फॉस्फेटसारखाच ऋणभार असलेलं अमिनो आम्ल) घालून केलेल्या रचनांवरून दिसलं की त्यामुळे एन्झाइम उघड्या रूपाकडे झुकतं. सब्स्ट्रेट, म्हणजे ज्या रेणूवर एन्झाइम काम करतं तो, आत-बाहेर करायला ते सोयीचं. २००३ साली आर्नन लावी यांच्या गटाने सायटॅराबिन आणि जेमसिटाबिन या कर्करोगावरच्या औषधांसोबत काढलेल्या रचना मात्र बंद रूपातल्या आहेत. त्यात फॉस्फेट देणाऱ्या एटीपीऐवजी फॉस्फेट देऊन उरलेलं एडीपी आहे, कारण एटीपी असतं तर प्रक्रिया तिथेच उरकली असती.

पेशी सुटे न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकांचे फॉस्फेट नसलेले तुकडे) रद्दीत टाकत नाही, फॉस्फेट लावून परत वापरते. जेमसिटाबिन याच दारातून आत शिरतं. पहिला फॉस्फेट डीसीकेने लावला नाही तर औषध नुसतंच फिरत राहतं.

लूप भरण्याबद्दल म्हणशील तर भरू नकोस. मी एकदा भरला होता. स्कोअर असा झकास की त्या दिवशी ऐरोलीहून घरी येताना ट्रान्स-हार्बरची गर्दीसुद्धा जाणवली नाही. नंतर कळलं, रेणू मीच रचलेल्या लूपला बिलगून बसला होता. दोन महिने पाण्यात. तुझा रेणू ज्या खाचेत बसवायचा ती लूपपासून दूर असेल तर गाळलेला भाग तसाच सोड. मोठा इनहिबिटर (एन्झाइमचं काम थांबवणारा रेणू) बसवायचा असेल तर उघड्या रूपातली रचना घे. मात्र नंतरच्या बऱ्याच रचनांत चार सिस्टीनच्या जागी सेरीन घातलेली आहेत, ते रिपोर्टमध्ये लिही.

सगळ्यात आधी जेमसिटाबिन असलेल्या मूळ फाइलमधून ते काढून तेच परत बसवून बघ. दोन अँगस्ट्रॉमच्या आत जागेवर आलं नाही, तर लूप राहू दे बाजूला, आधी सेटिंग्ज तपास.