प्रश्न तुमचे, उत्तर डॉक्टरांचे : उन्हाळी शिबिरातील साथ

प्रश्न : आमची संस्था दर मे महिन्यात कोकणातील एका गावच्या शाळेत ९ ते १३ वयोगटातील मुलांचे निवासी शिबिर घेते. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी एका मुलाला उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत त्याच्या खोलीतील बहुतेक मुले आजारी पडली. यंदा प्रत्येक खोलीत सॅनिटायझर ठेवणार आहोत. तेवढे पुरेल का? (एक कार्यकर्ती, चिपळूण)

उत्तर : नाही, आणि हे आधीच विचारलेत ते फार बरे झाले. एकाला उलट्या झाल्यावर दिवसा-दोन दिवसांत शेजारच्या अंथरुणावरची मुले त्याच त्रासाने आजारी पडली, तर नोरोव्हायरससारख्या विषाणूचा संशय घ्यावा लागतो आणि त्याच्यावर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर भरवशाचा नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. मे महिन्यात नळाला पाणी नसले तर तोटी बसवलेले पिंप अंगणात ठेवा, साबण दोरीने बांधून टांगा आणि जेवणाच्या पंगतीपूर्वी एक ताई किंवा दादा तिथे उभे राहून प्रत्येकाकडून वीस सेकंद हात चोळून धुऊन घेतील अशी व्यवस्था करा. मुले शौचालयातून आल्यावरही हात धुतात ना, इकडे लक्ष असू द्या.

मात्र माझ्या मते साथ रोखण्याचे निम्मे काम शिबिर सुरू होण्यापूर्वी, प्रवेश अर्जावरच होते. शुल्क परत मिळणार नसेल, तर कणकण असलेल्या मुलाला सकाळी पॅरासिटामॉल देऊन गाडीत बसवण्याचा मोह पालकांना होतो. त्यांना दोष देण्यापेक्षा नियम बदलावा. आजारपणामुळे मूल येऊ शकले नाही किंवा मधूनच परत न्यावे लागले तर शुल्क परत मिळेल अथवा पुढील वर्षी जागा राखून ठेवली जाईल, असे अर्जावर ठळक लिहा. औषध न घेता २४ तास ताप नसावा आणि उलट्या-जुलाब थांबून ४८ तास झालेले असावेत, ही अट त्याच्याच खाली घाला. पोहोचल्यावर पालक निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाची विचारपूस करा. पोटात दुखते आहे असे सांगितले तर आपल्याला घरी पाठवतील या भीतीने मुले गप्प राहतात, म्हणून सांगणाऱ्याला कुणी रागावणार नाही, हे पहिल्याच रात्री सर्वांना समजावून सांगा.

पाण्याकडे माझे विशेष लक्ष आहे, कारण मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि टँकरचे पाणी कुठून आले हे पुष्कळदा कळत नाही. टाकीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त भुकटी) टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरले ते पाहणारी चाचणी, करून घ्यावी. लिटरमागे सुमारे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी योग्य आहे असे समजावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचा परिणाम कमी होतो, म्हणून ते आधी निवळून गाळून घ्यावे. इतके करून भरलेल्या पिंपात एखाद्याने हातातला पेला बोटांसकट बुडवला की सारी मेहनत वाया जाते; पिंपाला तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि प्रत्येक मुलाला नाव लिहिलेली स्वतःची बाटली आणायला सांगा. पन्ह्यात किंवा सरबतात बाजारचा बर्फ घालू नका. दुपारचा उरलेला भात रात्री वाढू नका, आणि ज्याला जुलाब होत आहेत किंवा ज्याच्या हातावर पिकलेली जखम आहे, त्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, मग तो मुख्य आचारी का असेना.

एक खोली शौचालयाजवळ आजारी मुलांसाठी मोकळी ठेवा आणि तिथे एकच मोठी व्यक्ती नेमा. मुलाने उलटी केली तर इतरांना बाजूला करून, हातमोजे घालून, ती जुन्या कापडाने किंवा कागदाने टिपून घ्यावी व नंतर ती जागा ब्लीचच्या द्रावणाने पुसावी. झाडूने ढकलली तर ती अधिक पसरते. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, पूर्ण विरघळवावी आणि घोटघोट पाजावी. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर पालक येईपर्यंत थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच दिवशी दोन-तीन मुलांना सारखाच त्रास झाला, तर तोही आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावा. शिबिराचे नाव खराब होईल या धास्तीने हे लपवले जाते आणि उपचाराला उशीर होतो.

प्रश्न : मोठ्या मुलाला बारा दिवसांपूर्वी कांजिण्या आल्या. धाकटीला कधीच आलेल्या नाहीत, लसही दिलेली नाही. पुढील आठवड्यात तिला शिबिराला पाठवावे का? (एक पालक, सातारा)

उत्तर : यंदा पाठवू नका. संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत कांजिण्या उमटू शकतात आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल इतरांना संसर्ग देऊ लागते, त्यामुळे आज ती ठणठणीत दिसत असली तरी खात्री देता येणार नाही. तिला कांजिण्या आल्याच, तर सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी ठेवा आणि तापासाठी ॲस्पिरिन मुळीच देऊ नका.