गेम संपला, आता काय वाचू?

प्रश्न : काकू, मी २५ वर्षांचा. मिहानमधल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, राहतो मनीषनगरात. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम दोनदा पूर्ण खेळलो. दुसऱ्यांदा संपला तेव्हा घरातलं कोणी गावाला निघून गेल्यासारखं वाटलं. मित्राच्या सांगण्यावरून ‘न्यूरोमॅन्सर’ विकत आणली, पण ४० पानांवर अडकलो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. काय वाचावं ते समजून नाही राहिलं. मराठीत असं काही आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी ते ४० पानांचं ओझं मनावरून उतरव. विल्यम गिब्सनची १९८४ची ती कादंबरी वाचकाला काहीही समजावून सांगत नाही. यंत्रांची नावं, धंद्यांची नावं, गल्ल्या, शिव्या, सगळं एकदम अंगावर येतं. मीही ती दोनदा अर्धवट ठेवली होती. तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि बर्डीवर जुन्या पुस्तकांत ती तीस रुपयांना मिळाली होती.

तिसऱ्यांदा ती वाचून झाली, कारण मधे मला त्याच लेखकाची एक कथा सापडली. तीच तुला सांगते : ‘जॉनी नेमॉनिक’, १९८१ची. एका बैठकीत संपते. यातला जॉनी पैसे घेऊन दुसऱ्यांची गुप्त माहिती स्वतःच्या डोक्यात साठवून फिरतो, आणि ती माहिती काय आहे हे त्याचं त्यालाच कळत नाही. डोक्यात परक्याचा ऐवज आणि तो आपल्या जिवावर उठलेला, हे तुला ओळखीचं वाटेल. तुझ्या गेममधलं मुख्य पात्र व्ही, त्याच्या डोक्यातल्या चिपमध्ये मेलेला रॉक गायक जॉनी सिल्व्हरहँड बसलेला असतो ना! त्या जॉनीला आवाज आणि चेहरा देणाऱ्या कियानू रीव्ह्जनेच १९९५च्या चित्रपटात गिब्सनचा जॉनीही केला होता.

पण मी ही कथा सुचवते ती मॉलीसाठी. डोळ्यांवर आरशासारख्या काचा कायमच्या बसवलेली, नखांखाली पाती लपवलेली ही बाई या कथेत पहिल्यांदा येते, आणि ‘न्यूरोमॅन्सर’मध्ये पुन्हा भेटते. अनोळखी शहरात एक जरी चेहरा ओळखीचा असला, तर माणूस रस्ता चुकायला घाबरत नाही. कथा ‘बर्निंग क्रोम’ या संग्रहात आहे. ती वाच आणि मग कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू कर. अडलेला शब्द शोधत बसू नकोस. इतवारीत पहिल्यांदा गेलेला माणूस प्रत्येक दुकानाची पाटी वाचत नाही, गर्दीबरोबर सरकत राहतो. तिसऱ्या फेरीला गल्ल्या आपोआप जुळतात. पहिल्याच प्रकरणात ‘नाइट सिटी’ हे नाव तुला दिसलं असेल. गिब्सनची नाइट सिटी जपानच्या चिबात आहे, तुझ्या गेममधली कॅलिफोर्नियात. तुझा गेम ज्यावर उभा आहे तो माइक पाँडस्मिथचा फासे टाकून खेळायचा खेळ १९८८चा, म्हणजे ‘न्यूरोमॅन्सर’नंतर चार वर्षांनी आलेला.

आता एक गोष्ट तुलाच ठरवायची आहे. माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे हा गेम खेळायचा, मी शेजारी मेथी निवडत बघत बसायचे. तो मिशन सोडून पावसात नुसती मोटारसायकल फिरवायचा. पुस्तक निवडताना मी खेळणाऱ्याला हेच विचारते : काम नसताना तू तिथे काय करायचास?

भाच्यासारखा नुसता भटकत असशील, तर वर सांगितलं तेच तुझं. लोकांशी बोलत बसायचास, कोण खरा माणूस आणि कोण यंत्र हा प्रश्न छळायचा, तर फिलिप के. डिकची १९६८ची ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ घे. यातली पृथ्वी युद्धाने विषारी झाली आहे, प्राणी जवळजवळ संपलेत, आणि जिवंत जनावर पाळणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. नायकाकडे मेंढी आहे, पण विजेवर चालणारी. शेजाऱ्यांना ते कळू नये म्हणून त्याचा जीव टांगणीला. ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट याच कादंबरीवरून आला, पण त्यात ही मेंढीची लाज नाही. भाषाही गिब्सनपेक्षा कितीतरी सोपी.

आणि ओसाड, धोक्याच्या जागी शिरून काहीतरी उचलून आणण्यात तुला मजा येत असेल, तर रशियन स्ट्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ (१९७२). परग्रहावरचे कोणी येऊन गेले, आपल्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, मागे फक्त त्यांचा कचरा उरला. तो कचरा जिवावर उदार होऊन चोरणारी माणसं, एवढीच गोष्ट. छोटी आहे. या सगळ्यांत माझी सर्वांत आवडती हीच. २००७चा ‘स्टॉकर’ हा गेम तिच्याच प्रेरणेने झाला, त्यात चेर्नोबिल आलं. चेर्नोबिल अणुभट्टीची दुर्घटना १९८६ची, पुस्तक तिच्या १४ वर्षं आधीचं.

मराठीबद्दल. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी मिळव. जमिनीखाली सापडलेल्या एका जुन्या ठेव्यातून माणसं विलक्षण बुद्धिमान यंत्र घडवतात आणि ते हाताबाहेर जाऊ लागतं. तीन पावलं जमीन मागणारा वामन आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे शीर्षकातच धडधड सुरू होते. मात्र नारळीकरांची माणसं शास्त्रज्ञ आहेत, प्रयोगशाळेत आणि बैठकांत वावरणारी. तुझ्या गेममधला कर्जबाजारी, उधारीवर हात बसवून घेतलेला रस्त्यावरचा पोरगा तिथे शोधू नकोस. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. रात्रपाळी करून त्याखालून मोपेडवर घरी जाणाऱ्या मुलाची विज्ञानकथा मराठीत मला फार हवी आहे.

तोवर ‘जॉनी नेमॉनिक’ वाच. सुट्टीच्या दिवशी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मॉली कशी वाटली ते मला लिही, पुढचं पुस्तक त्यावरून ठरवू.