गाडीप्रेमींच्या ऑनलाइन ग्रुपवर साध्या प्रश्नालाही लोक तुटून का पडतात? तिथे राहावं की सोडावं?

तुम्ही लिहिलंय, सेकंडहँड गाडी घेतली, थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला, म्हणून त्या मॉडेलच्या ग्रुपवर ‘दिवा लागलाय, काय करू?’ असं विचारलंत. प्रतिसाद आले ते ‘आधी सर्च करायला शिका’ आणि ‘ही गाडी घेणाऱ्यांची हीच गत’. एकानेच काय ते ‘कोड कोणता आला?’ असं विचारलं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाची जी खूण नोंदवली असेल ती. लोक असे का वागतात आणि तिथे थांबण्यात अर्थ आहे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

थांबा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी अशा ग्रुपांवर बरीच वर्षं वाचतो आहे, लिहितो आहे. गाडीतलं मला जे कळतं त्यातलं कितीतरी, कधीही न भेटलेल्या माणसांनी मला फुकट शिकवलेलं आहे. दिवसभर गॅरेजमध्ये राबून रात्री कुणा अनोळखी माणसाच्या बिघाडाचा छडा लावत बसणारे मेकॅनिक मी तिथेच पाहिले. तीच जागा नव्या माणसाच्या अंगावर येते याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कारण. समोरचा दिसत नाही, आपलं खरं नाव कुणाला ठाऊक नसतं, आणि बोललेलं कुठे लागलं ते त्याच्या चेहऱ्यावर बघावं लागत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये याची नीट मांडणी केली: ऑनलाइन आलं की माणसाचा संकोच गळून पडतो. त्यांनी याची दुसरी बाजूही सांगितली आहे. संकोच गळला की माणूस उद्धट होतो, तसा एरवीपेक्षा मोकळा आणि उदारही होऊ शकतो. रात्री जागून उत्तर देणारे ते मेकॅनिक मला याच दुसऱ्या बाजूचे वाटतात.

गाड्यांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. घर सोडलं तर बहुतेक जण सगळ्यात जास्त पैसे ओततात ते गाडीत, आणि तीही चारचौघांत दिसणारी वस्तू. मग कंपनीला नावं ठेवली की ती स्वतःलाच ठेवल्यासारखी झोंबतात. पेट्रोल विरुद्ध इलेक्ट्रिक, गिअरची गाडी विरुद्ध ऑटोमॅटिक, या वादांत मुद्दे केव्हाच संपलेले असतात. उरतो तो आपण मूर्ख ठरू नये यासाठीचा आटापिटा.

जुन्या सदस्यांचा वैतागही खरा आहे, तो मी नाकारत नाही. कोणतं इंजिन ऑइल घालू, हा प्रश्न आठवड्याला नव्याने येतो आणि दर वेळी त्याच भांडणावर संपतो. हा वैताग इंटरनेटइतकाच जुना आहे. यूझनेटच्या, म्हणजे जुन्या ऑनलाइन चर्चागटांच्या काळात दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे, काही दिवस रीतभात न कळता वावरायचे आणि मग रुळायचे. १९९३ पासून बाहेरच्या लोकांचा ओघ सुरू झाला तो थांबलाच नाही, तेव्हा त्या वर्षीचा सप्टेंबर अजून संपलेला नाही असं जुने लोक म्हणू लागले. १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाची शिष्टाचाराची नियमावली निघाली. तिच्यात नव्यांना सांगितलंय की लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा, आणि भावनेच्या भरात उत्तर लिहिलं असेल तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या. पहिली अपेक्षा आता ठेवण्यात अर्थ नाही. डॅशबोर्डवर दिवा लागलेला माणूस दोन महिने वाचत बसणार नाही, आणि बसूही नये. दुसरी सूचना मात्र मला आजही सोन्यासारखी वाटते.

आता या वागण्याने नेमकं काय बिघडतं ते सांगतो. माझ्या डोळ्यांसमोरचा एक धागा आहे, म्हणजे एक प्रश्न आणि त्याखालचे प्रतिसाद. एका नव्या सदस्याने लिहिलं होतं की चढावर गाडी थरथरते, ओढ लागत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पहिला प्रतिसाद होता, ‘हा प्रश्न हजारदा झालाय.’ दुसरा, ‘ही कंपनी घेतलीसच कशाला?’ तिसऱ्याने दुसऱ्याला उत्तर दिलं आणि तिथून दोन कंपन्यांच्या चाहत्यांची जुंपली. पण दिवा नुसता लागणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकणारा दिवा बहुतेकदा हे सांगत असतो की इंजिन जोरात मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि त्याला आतून भाजून काढतंय. अशा माणसाला सगळ्यात आधी सांगायचं ते एवढंच की ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून थांबा, गाडी दामटू नका. हे वाक्य त्या धाग्यावर आलं, पण पार खाली, त्या सगळ्या हाणामारीच्या नंतर.

ज्या सदस्याने ते लिहिलं त्याने पुढे असं लिहिलं होतं: ‘कोड वाचून घ्या. पी०३०३ आला तर तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. इंजिन गार होऊ द्या, मग तिसऱ्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर बसवा आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसून थोडं चालवा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेलेली. पी०३०३ च राहिला तर प्लग बघा, मग इंजेक्टर.’ कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग; तो जिथे नेला तिथे बिघाडही गेला तर दोष त्याचाच. कुठे उपदेश नाही, कुठे टोमणा नाही. विचारणारा दोन दिवसांनी परत आला आणि त्याने लिहिलं की कोड दुसऱ्या सिलिंडरवर सरकला, कॉइल बदलली, थरथर गेली. मी या धाग्याचा दुवा पुढे इतरांना अनेकदा दिला आहे, आणि दर वेळी सोबत लिहावं लागतं की वरचे प्रतिसाद सोडून थेट खाली जा.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. प्रश्न विचारणारा एक असतो, उत्तर देणारे चार-पाच, पण नंतर सर्च करत तिथे पोचणारे किती असतील याचा हिशेब नाही. तोच दिवा, तीच थरथर घेऊन कुणीतरी चार वर्षांनी तिथे येणार आहे. सौजन्य मुख्यतः त्याच्याशी पाळायचं असतं. तुम्हाला ‘सर्च करा’ म्हणून झटकणाऱ्याला हे लक्षात येत नाही की सर्च करणारा पुढचा माणूस त्याच्याच प्रतिसादावर येऊन आपटणार आहे. सर्चच करायला सांगायचं असेल तर सोबत जुन्या धाग्याचा दुवा द्यावा. त्याला अर्धं मिनिट लागतं.

या कसोटीवर पाहिलं तर काही अगदी सभ्य दिसणाऱ्या गोष्टीही मला गैरवर्तनच वाटतात. ‘इनबॉक्समध्ये सांगतो’ हे एक. उत्तर सगळ्यांसमोर द्यायला काही अडचण नसताना ते खासगीत नेलं की मागून येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘झालं काम, धन्यवाद!’ हे दुसरं. काय झालं, कशाने झालं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे उत्तर मिळाल्यावर प्रश्नच पुसून टाकणं. तीन माणसांनी वेळ खर्चून लिहिलेलं एका क्लिकमध्ये गेलं. शिवी दिलेली काही दिवसांनी विसरते, हे नुकसान मात्र कायमचं राहतं.

किती कायमचं, ते २०१७ मध्ये दिसलं. फोटोबकेट या सेवेने तिथे ठेवलेली चित्रं दुसऱ्या साइटवर दाखवण्यासाठी वर्षाला जवळपास ४०० डॉलर मागायला सुरुवात केली, आणि गाड्या दुरुस्तीच्या असंख्य सचित्र लेखांतली चित्रं एका फटक्यात नाहीशी झाली. टायमिंग बेल्ट बदलण्याची पायरीपायरीची कृती, आणि खूण कुठे जुळवायची त्या जागी रिकामा चौकोन. काही सदस्यांनी आपल्या जुन्या हार्डडिस्क धुंडाळून ती चित्रं पुन्हा चढवली. कुणी मागितलं नव्हतं, कौतुकही फारसं झालं नाही. मला विचाराल तर सभ्यपणा म्हणजे हा.

गैरवर्तनाचा दुसरा मोठा प्रकार आवाज न चढवता होतो: माहीत नसताना ठामपणे सांगणं. ब्रेक ऑइलचं उदाहरण घ्या. बाटलीवर डॉट ३, डॉट ४, डॉट ५, डॉट ५.१ असं लिहिलेलं असतं. कुणीतरी बिनधास्त लिहितो की आकडा जितका मोठा तितकं चांगलं, ५ घाला. प्रत्यक्षात डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलवर आधारलेले असतात आणि डॉट ५ सिलिकॉनवर. ५.१ ही ५ ची सुधारलेली आवृत्ती नाहीच, आणि ५ हे बाकीच्यांत मिसळायचं नसतं. सिलिकॉन पाणी शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेली ओल वेगळी साचून राहते. हे ब्रेक आहेत. इथे गोड भाषेत दिलेला चुकीचा सल्ला मला शिवीपेक्षा जास्त असभ्य वाटतो. ‘माझ्या ऐकण्यात असं आहे, मॅन्युअल बघून खात्री करा’ एवढी पुस्ती जोडली तर कुणाचा मान कमी होत नाही.

ऑइलच्या भांडणाचं मूळही बरंचसं इथेच आहे. ऑइलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू थंडीतल्या वर्तनाबद्दल सांगतो आणि ३० हा आकडा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाबद्दल. बर्फात राहणारा आणि उन्हात राहणारा, एकाच नावाच्या पण वेगळ्या इंजिनाच्या गाड्यांबद्दल बोलत असतात आणि दोघेही एकमेकांना अडाणी ठरवत असतात. कोणती गाडी, कोणतं वर्ष, कोणतं इंजिन हे आधी विचारलं तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत.

दुसऱ्याच्या गाडीवरच्या शेऱ्यांबद्दल माझा नियम साधा आहे. रंग, स्पॉयलर, चाकं, स्टिकर या आवडीच्या गोष्टी. आवडल्या नाहीत तर पुढे सरकावं. पण कुणी गाडी खाली बसवायला ग्राइंडरने स्प्रिंग कापून फोटो टाकला असेल तर गप्प बसणं हे सौजन्य नव्हे. चाक पूर्ण खाली सुटलं की आखूड स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. हे एकदा, स्पष्ट शब्दांत, कारणासह सांगावं आणि थांबावं. त्याची टर उडवली तर तो स्प्रिंग बदलणार नाही, ग्रुप बदलेल. सार्वजनिक रस्त्यावर लावलेल्या शर्यतींच्या व्हिडिओंचंही तेच. तिथे लाइक न देणं आणि ‘हे इथे नको’ म्हणणं हे जुन्यांचं काम आहे, फक्त ॲडमिनचं नाही.

आणि बायकांशी जे होतं ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गिअरबॉक्स स्वतः उघडून जोडणाऱ्या सदस्या मुद्दाम पुरुषी किंवा कळणार नाही असं नाव घेऊन लिहितात, कारण खरं नाव दिसलं की पहिला प्रतिसाद ‘नवऱ्याची गाडी का?’ असा येतो आणि इनबॉक्स नको त्या संदेशांनी भरतो. त्यांच्या क्लचच्या प्रश्नाला उत्तर शेवटी येतं, आलं तर. हे पाहूनही आपण गप्प बसतो, तेव्हा ग्रुपची पातळी आपणच ठरवत असतो. तसंच अपघाताचं. कुणी चेपलेल्या गाडीचा फोटो टाकला की वेगाचा हिशेब मांडायला धावणारे असतात. आधी सगळे सुखरूप आहेत का ते विचारा. चूक कुणाची हे तो माणूस सावरल्यावर बोलता येईल.

आता तुमच्याबद्दल. ‘दिवा लागलाय, काय करू?’ एवढ्यावर खरोखर मदत करू इच्छिणाऱ्यालाही काही सांगता येत नाही, आणि तुम्हाला नेमकी त्याचीच गरज आहे. त्याच धाग्यावर परत जा. टोमण्यांना उत्तर देऊ नका, एकालाही नाही. तुमचा धागा अवांतराने भरला तर नुकसान तुमचंच. कोड विचारणाऱ्याला उत्तर द्या. ओबीडी रीडर, म्हणजे गाडीला जोडून कोड वाचायचं यंत्र, कुणाकडून तरी मिळवा, कोड वाचा आणि जसाच्या तसा लिहा. सोबत वर्ष, इंजिन, किती किलोमीटर झाले, दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, थंड इंजिनावर की गरम झाल्यावर, आधीच्या मालकाने काय बदललं होतं तेही लिहा. फोटो टाकलात तर नंबर प्लेट आणि सतरा अक्षरी चासी नंबर झाका.

समजा पी०४२० आला, तर कुणीतरी लगेच ‘कन्व्हर्टर बदला’ म्हणेल. घाई करू नका. तो कोड एवढंच सांगतो की कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरची नोंद जुळवून पाहिल्यावर कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय असं कॉम्प्युटरला वाटतंय. एक्झॉस्टला गळती असेल, मागचा सेन्सर बिघडलेला असेल तरी तो येऊ शकतो, आणि कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्यामुळे तो सगळ्यात महागडा अंदाज आहे. गळती आधी तपासायची का, असं त्या कोड विचारणाऱ्यालाच विचारा. तो सांगेल, असं त्याच्या एका ओळीवरून मला वाटतं. काम झालं की त्याच धाग्यावर लिहा: काय तपासलं, काय निघालं, कोणता भाग बदलला आणि महिन्याभराने दिवा पुन्हा लागला की नाही.