निपाणीच्या स्टुडिओत लग्नांचे फोटो ठेवायला बीकॅशएफएस चालेल का?

नाही, दोन डिस्कच्या तुमच्या लिनक्स मशीनवर बीकॅशएफएस ही नवी फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) आत्ता घालू नका. बीटीआरएफएस ही जुनी फाइलसिस्टिम रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत राहील अशी, घाला. नवी फाइलसिस्टिम जोखताना वेगाचे आकडे मी नंतर बघतो, आधी बघतो ते कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर ती उघडेल का. बीकॅशएफएस जानेवारी २०२४ मध्ये कर्नल ६.७ सोबत आली आणि ६.१८ मध्ये तिचा कोड मुख्य कर्नलमधून काढलाही गेला. आता ती वेगळं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला बाहेरून जोडायचा भाग, म्हणून बसवावी लागते. एखाद्या अपडेटनंतर ते मॉड्यूल तयारच झालं नाही, तर ऐन लग्नसराईत डिस्क माउंट होणार नाही, म्हणजे उघडणारच नाही, आणि गिऱ्हाईक दारात उभं असेल! बीटीआरएफएस मात्र २००९ पासून कर्नलमध्ये आहे, आणि २०२० मध्ये फेडोरा ३३ या लिनक्सच्या आवृत्तीने डेस्कटॉपसाठी तीच डीफॉल्ट केली. चेकसममुळे (डेटासोबत साठवलेला पडताळणीचा आकडा) बिघडलेली फाइल ओळखू येते, आणि रेड-१ असेल तर दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही होते. त्यासाठी महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासायची आज्ञा, चालवा. बेळगावातल्या छपाईखान्यांची मशीन्स मी सांभाळतो, तिथे हीच रचना आहे. फक्त पुढे डिस्क वाढवल्या तरी रेड-५ किंवा ६ च्या (पूर्ण प्रतीऐवजी डेटा आणि दुरुस्तीची माहिती अनेक डिस्कवर वाटायच्या पद्धती) वाटेला जाऊ नका: लिहिता लिहिता वीज गेली तर तिथे डेटा बिघडू शकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. बीटीआरएफएसच्या स्वतःच्या दस्तऐवजातही हे दोन प्रकार रोजच्या कामाला वापरू नका असंच म्हटलंय. फोटोंची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घरी ठेवा.