वाचकांचे प्रश्न: पिग्मी रॅटलस्नेक ओळखायचा कसा?

प्रश्न: मी फ्लोरिडात राहते. मागच्या अंगणात वीतभर लांबीचा राखाडी साप दिसला, पाठीवर काळे ठिपके होते. शेजारी म्हणाले डायमंडबॅक रॅटलस्नेकचं पिल्लू, मुलगा म्हणतो पिग्मी, आणि आमच्याकडच्या जुन्या पुस्तकात मसासौगा नावाचा अगदी तसाच साप आहे. शेपटीच्या खुळखुळ्याचा, म्हणजे रॅटलचा, आवाज काहीच आला नाही. मग नक्की काय समजायचं?

उत्तर: मसासौगा पहिल्यांदा बाद करा, तो फ्लोरिडात नाहीच. बरेच लोक रंगावरून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो, खरं तर साप कुठे दिसला हा सगळ्यात स्वस्त पुरावा आहे. फ्लोरिडात रॅटलस्नेक तीनच, ईस्टर्न डायमंडबॅक, उत्तरेकडच्या भागात टिंबर, आणि पिग्मी म्हणजे सिस्ट्रुरस मिलिआरिअस.

आता डायमंडबॅकचं पिल्लू की पिग्मी, हे डोक्यावरून कळतं. रॅटलस्नेकच्या दोन जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट, आहेत, क्रोटॅलस (डायमंडबॅक यातला) आणि सिस्ट्रुरस (पिग्मी यातला). सिस्ट्रुरसच्या डोक्यावर पुढच्या भागात नऊ मोठे सपाट खवले असतात, डायमंडबॅकच्या डोक्यावर मात्र बारीक खवल्यांची दाटी असते. पाठीवर पिल्लालाही फिकट कडेचे चौकोनी हिरे दिसतात, पिग्मीला गोलसर काळे डाग असतात आणि त्यांच्यामधून बहुतेक वेळा विटकरी रंगाची रेघ जाते. पण हे सगळं फोटो झूम करून बघायचं, जवळ जाऊन नाही, साप छोटा असला तरी विषारीच आहे.

आवाज आला नाही याचं काही विशेष नाही. पूर्ण वाढलेला पिग्मी साधारण ४० ते ६० सेंटिमीटरचा, त्याचा रॅटल इतका चिमुकला की वाजला तरी एखादा किडा भुणभुणल्यासारखं वाटतं आणि तेही दोन-तीन पावलांवरूनच ऐकू येतं. रॅटल एकापुढे एक जोडलेल्या खणांचा बनतो, नवजात पिल्लाच्या शेपटीला तर पहिला खण, म्हणजे एकच बटण असतं, वाजायला दुसरा खण हवा ना. म्हणून माझ्या मते या सापासाठी रॅटल ही सगळ्यात भरवशाची नाही तर सगळ्यात फसवी खूण आहे.

प्रश्न: पिग्मी आणि मसासौगा दोघंही सिस्ट्रुरस, दोघांच्या डोक्यावर मोठे खवले. टेक्सास, ओक्लाहोमा, मिसूरी या राज्यांत दोन्ही आहेत म्हणे. तिथे फरक कसा करायचा? आणि मसासौगाचं शास्त्रीय नाव कधी कॅटेनाटस कधी टर्जेमिनस दिसतं, ते का?

उत्तर: कात सापडली तर उत्तम, कारण जिवंत सापाचे खवले मोजायला कोणी बसत नाही. शरीराच्या मध्यभागी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी मोजा, पिग्मीत बहुतेक २१ ते २३ आणि मसासौगात साधारण २५. आणखी एक बारीक खूण नाकपुडी आणि डोळ्याच्या मधे आहे, मसासौगात डोळ्यापुढचा वरचा खवला नाकाच्या मागच्या खवल्याला चिकटतो, पिग्मीत चिकटत नाही. कातेवरून लांबी मात्र ठरवू नका, ती ताणली जाते, आणि रॅटल सापाकडेच राहतो, त्यामुळे कातेच्या शेपटीला फक्त भोक सापडेल.

नावाचं प्रकरण मला जास्त मजेशीर वाटतं. मसासौगा आधी एकच जात मानली जायची आणि तिच्या तीन उपजाती होत्या, २०११ मध्ये अनेक जनुकांचा अभ्यास छापून आला आणि त्यात पूर्वेकडचा मसासौगा बाकीच्यांपासून खूप आधीच वेगळा झालेला दिसला, मग पूर्वेकडचा सिस्ट्रुरस कॅटेनाटस आणि पश्चिमेकडचे सिस्ट्रुरस टर्जेमिनस असं वाटप झालं. जुनं पुस्तक चूक नाही, जुनं आहे एवढंच. हा नुसता कागदी खेळ नाहीये, २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारने पूर्वेकडच्या मसासौगाला कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिलं, तेव्हा कोणता साप कोणत्या नावाखाली येतो याला वजन आलं.

पिग्मीच्याही तीन उपजाती सांगतात, मिलिआरिअस, बारबौरी आणि स्ट्रेकेरी. फ्लोरिडातला तो बारबौरी, याच्याच विषातल्या एका प्रथिनावरून हृदयविकारात रक्ताच्या गुठळ्या रोखणारं एप्टिफिबॅटाइड हे औषध तयार झालं.

प्रश्न: मोठे खवले दिसले की सिस्ट्रुरस, हा नियम पक्का ना?

उत्तर: अमेरिकेपुरता हो. मेक्सिकोत मात्र एक छोटा रॅटलस्नेक आहे, डोक्यावर मोठे खवले असल्यामुळे तो कित्येक वर्षं सिस्ट्रुरस रॅवस म्हणून नोंदला गेला, पण डीएनए बघितल्यावर तो क्रोटॅलसच्या फांदीवर बसला. आता तो क्रोटॅलस रॅवस. म्हणजे मोठे खवले हे नात्याचं प्रमाणपत्र नाही, कुठला साप कुठे सापडलाय ते धरूनच वाचायची ती खूण आहे.

प्रश्न: रॅटलचे खण मोजून सापाचं वय सांगता येतं का?

उत्तर: नाही. खण कात टाकताना वाढतो आणि साप वर्षातून अनेकदा कात टाकू शकतो, शिवाय टोकाचे खण तुटून पडतात. पिग्मीचे तर इतके नाजूक की पूर्ण अखंड रॅटल बघायला मिळणं नशीबच.